गवळाऊची स्ट्रॉ मिळाली, पण मागावी लागली: सरकारी रेतन सेवेचा आमचा अनुभव

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं. घरी चार ढोरं, त्यात चांदी ही गवळाऊ गाय, म्हणजे आपल्या इकडची देशी जात, आजीच्या हातच्या गाईचा वंश. यावेळी तिला सरकारी दवाखान्यातून गवळाऊच्याच स्ट्रॉने (वळूचं गोठवलेलं वीर्य असलेली बारीक नळी) भरवलं, म्हणजे कृत्रिम रेतन केलं, अन् मागच्या महिन्यात कालवड झाली, म्हणून म्हटलं लिहून टाकावं, आपल्याकडच्या चार जणांच्या कामी येईल.

आधीचं सांगतो. दोन वेतामागं घाईत एका खाजगी माणसाला बोलावलं होतं, त्यानं स्ट्रॉ कशाची आहे हे सांगितलंच नाही, विचारलं तं म्हणे दूध वाढंल, काळजी करू नका. गोऱ्हा झाला काळापांढरा, वशिंड नावालाच. मोठा झाल्यावर डवऱ्याला (कोळप्याला) जुंपला तं दहा-अकरा वाजले की जीभ बाहेर अन् तोंडाला फेस, अन् जोडीला चांदीचाच आधीचा गवळाऊ बैल त्याच उन्हात मान हालवत झपाझप चालते. एकाच मायचे दोघं. तेव्हापासून माह्या मायनं सांगून ठेवलं होतं की आता गवळाऊच पाहिजे, नाहीतं गाय रिकामी राहिली तरी चालंल.

आता सेवेचं. पहिल्यांदा फोन केला तं दवाखान्यात गवळाऊची स्ट्रॉच नव्हती, जर्सी अन् होल्स्टीन या विदेशी जातींची होती. मी नाही म्हटलं. पुढचा माज एकवीस दिवसांनी, तेवढे दिवस गेले, पण डॉक्टरसाहेबांनी तेवढ्यात वर्ध्याहून मागवून ठेवली, हे त्यांचं मानलं पाहिजे. चांदी सकाळी हंबरायला लागली, सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला, लगेच फोन केला. सकाळी माज दिसला तं संध्याकाळी भरवायची असा हिशोब असते. साहेब पाच वाजता मोटरसायकलवर नायट्रोजनचा कंटेनर बांधून कोठ्यात हजर.

मला आवडलं ते हे की त्यांनी काम घाईत उरकलं नाही. कंटेनरमधे उणे 196 अंश थंडी असते, तिथून चिमट्यानं स्ट्रॉ काढली, थर्मासच्या कोमट पाण्यात धरली, 37 अंश, अर्धा मिनिट घड्याळ लावून. मंग पुसून माह्यासमोर धरली, त्यावर जात अन् वळूचा नंबर छापलेला असते, तो टॉर्च लावून वाचून दाखवला. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर मोबाईलमधे टाकला. तीन महिन्यांनी स्वतःहून येऊन गाभण तपासून गेले. फी नाममात्र. कामाला पाचपैकी पाच, पण स्ट्रॉच्या उपलब्धतेला दोनच देईन.

कारण गवळाऊ ही आपल्या वर्धा-नागपूरची जात, कारंजा घाडगे तालुक्यातल्या हेटीकुंडीला सरकारचं गवळाऊचं पैदास केंद्र आहे, नंदगवळ्यांनी पिढ्यानपिढ्या रानात चारून ही जात राखली, अन् शेजारच्या तालुक्यात तिचीच स्ट्रॉ शिल्लक नसते. केंद्र सरकारचं राष्ट्रीय गोकुळ मिशन 2014 पासून देशी जातींसाठी चालू आहे. पण दवाखान्यातल्या कंटेनरमधे काय भरलंय यावरच ठरते की पुढच्या पाच वर्षांत गावात कोणती वासरं हुंदडतील. शेतकऱ्यानं माज पाहून फोन केला अन् समोर जर्सीच असली तं तो एकवीस दिवस कशाला थांबंल? माझं म्हणणं एवढंच की गवळाऊच्या पट्ट्यात गवळाऊची स्ट्रॉ आधी भरा, बाकीच्या मंग. मादी वासरंच होतील अशा सेक्स सॉर्टेड स्ट्रॉ पण इथं गवळाऊच्या आल्या तं फार काम होईल, जवळपास नव्वद टक्के कालवडी मिळतात त्यात.

दुसरी गोष्ट दुधाची. चांदी वेळेला दोन-अडीच लिटर देते, दूध दाट, पण लिटरवर हिशोब झाला की ती संकरित गाईपुढं हरतेच. 30 सप्टेंबर 2024 ला राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं, अन् गोशाळेतल्या देशी गाईला रोज 50 रुपये अनुदान ठरवलं, चांगलं झालं. पण जो शेतकरी सरकीची ढेप अन् तुरीचं कुटार विकत घेऊन दारात गवळाऊ सांभाळते, त्याला त्या योजनेत काहीच नाही. वासरू तं त्याच्याच कोठ्यात जन्मते ना. अन् गायरान उरलं नाही तं चारणार कुठं, हे गावोगाव ग्रामसभेत मांडायला पाहिजे.

एक काम सगळ्यांनी करा, स्ट्रॉवरचा नंबर लिहून ठेवा. कालवड मोठी झाली अन् तिला बापाचीच स्ट्रॉ गेली तं वंश कमजोर होते. आमची कालवड पांढरीशुभ्र आहे, तोंड लांब, डोळे बदामासारखे, मायनं नाव ठेवलं मोगरा. ती माजावर यायला अजून तीन वर्षं सहज लागतील, पण तिच्या बापाचा नंबर मी कापसाच्या हिशोबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलाय, अन् डॉक्टरसाहेबांना आत्ताच सांगून ठेवलंय की तिच्यासाठी दुसऱ्या वळूची स्ट्रॉ लागंल.