उसाचं पाचट: जाळायचं, विकायचं की सरीतच कुजवायचं?

शेवटची ट्रॉली फडाबाहेर पडली की निर्णयाला फार दिवस मिळत नाहीत. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या उरलेल्या बुंध्यांतून (बुडख्यांतून) पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, पाणी द्यायचं असतं आणि रानभर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पसरलेलं असतं. काडी ओढणारा शेतकरी बेफिकीर असतो, असं मला वाटत नाही. मजूर मिळत नाहीत, पाणी सरीतून सरळ जायला हवं, बुडखे उघडे पडले की कोंब एकसारखे फुटतात. ही कारणं खरी आहेत, पण हिशेब अर्धाच आहे.

एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तरी १५ ते २० किलो होतं, म्हणजे ४५ किलोच्या युरियाची जवळपास एक गोणी. जाळलं की हे नत्र आणि सेंद्रिय कर्ब बहुतेक सगळा हवेत जातो, राखेत मुख्यतः पालाश (पोटॅश) उरतं. थंडीत संध्याकाळी पेटवलं तर धूर वर चढत नाही, वस्तीवरच बसून राहतो. दम्याची म्हातारी माणसं आणि लहान पोरं रात्रभर खोकतात. हा खर्च उसाच्या हिशेबात कुणीच धरत नाही, आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. वारं फिरलं तर शेजाऱ्याचा उभा ऊस पेटतो, ते वेगळंच.

गाठी बांधणारं यंत्र तुमच्या भागात येत असेल तर विकता येतं. पैसे येतात, रान मोकळं होतं. मात्र पाचटातलं पालाशसुद्धा रानाबाहेर जातं. ऊस मोडून हरभरा घ्यायचा असेल तर खुशाल विका.

खोडवा ठेवणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, पाचट सरीतच दाबा. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्या. इथे युरियाला हात आखडू नका. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र कमी पडलं तर ते पिकाच्या तोंडचं घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. बगला फोडता, म्हणजे ओळींच्या बाजूंची माती नांगरानं मोकळी करता, येत नाहीत, खत पहारीनं भोकं पाडून द्यावं लागतं, ही मेहनत आहेच. त्या बदल्यात तण दबतं, ओल टिकते आणि उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबवता येते.

सरी अरुंद असेल तर पाचटाचे तुकडे करणारं ट्रॅक्टरचं कुट्टी यंत्र चालत नाही, मग पाचट हातानंच ओढावं लागतं. हार्वेस्टरनं तोड झाली असेल तर तुकडे आधीच झालेले असतात. खवले कीड भरपूर असेल तर मात्र तिथे पाचटही ठेवू नका आणि खोडवाही.

पाणी अडेल ही धास्ती असेल तर एकाआड एक सरीत पाचट भरा आणि मोकळ्या सरीतून पाणी सोडा.