तीन पत्त्यांचा टेबल आणि जॅकपॉटचे वर्तुळ : एका मोफत ॲपचे परीक्षण

गेल्या श्रावणात, डवरणी आटोपून शेतातली कामे जरा सैल झाली असताना, माझा एक जुना विद्यार्थी मोबाइल घेऊन ओसरीवर आला आणि म्हणाला, "गुरुजी, मीटर लय वर गेलं, आता कोनाले ना कोनाले लागनच." मीटर म्हणजे त्याच्या तीन पत्त्यांच्या खेळात पडद्याच्या वरच्या पट्टीत सतत वाढत जाणारा जॅकपॉटचा, म्हणजे सर्वांत मोठ्या बक्षिसाचा, आकडा. दारव्हा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये बत्तीस वर्षे गणित शिकवल्यावर हे वाक्य मला आपलेच अपयश वाटले, कारण हा मुलगा माझ्याच वर्गात संभाव्यतेचे उदाहरण अचूक सोडवत असे. म्हणून हिवाळ्यात मी त्याच खेळाची पैसे न लावता खेळायची आवृत्ती फोनवर घेतली, पाचशे डाव खेळलो आणि प्रत्येक डावाची नोंद वहीत ठेवली. ॲपचे नाव देत नाही. अशाच मांडणीचे खेळ अनेकांनी काढले आहेत आणि खालील हिशेब तशाच कोष्टकाच्या कोणत्याही टेबलाला लागू पडतो.

मोफत आवृत्तीच का घेतली, तेही सांगतो. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा संसदेने मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली; योगायोगाने त्याच दिवशी आपल्याकडे बैलपोळा होता. असा खेळ चालवणाऱ्याला या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, त्याची जाहिरात करणाराही सुटत नाही, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. पैसे न लावता, निव्वळ करमणुकीसाठी खेळण्याला त्यात आडकाठी नाही.

खेळ आपल्या तीन पत्तीसारखा दिसतो, पण तो तीन पत्ती नव्हे, आणि पोळ्याच्या दिवसांत पारावर पत्ते कुटलेला माणूस नेमका इथेच चुकतो. येथे समोर चार गडी नसतात, फक्त डीलर, म्हणजे टेबलाच्या बाजूने पत्ते वाटून खेळणारा, असतो. ब्लाइंड, म्हणजे पत्ते न पाहता खेळणे, नाही, चाल वाढवत नेऊन दुसऱ्याला घाबरवणे नाही. आपण आधी एक पैज ठेवायची, म्हणजे आपल्या भाषेत बूट टाकायचा. मग आपल्याला तीन पत्ते उघडे आणि डीलरला तीन पत्ते झाकलेले मिळतात. आपले पत्ते पाहून एकच निर्णय घ्यायचा असतो : पत्ते टाकून बूट सोडून द्यायचा, किंवा बुटाएवढीच दुसरी रक्कम लावून पुढे जायचे. डीलरकडे किमान राणी किंवा त्याहून मोठे काही असेल तरच त्याचा हात, म्हणजे त्याचे तीन पत्ते, हिशेबात धरला जातो. तसे नसेल तर बुटावर बरोबरीचे पैसे मिळतात आणि दुसरी रक्कम जशीच्या तशी परत येते. शंभरातून साधारण तीस वेळा डीलरचा हात असा बाद होतो. हात धरला गेला आणि आपण जिंकलो तर दोन्ही रकमांवर बरोबरीचे पैसे. हरलो तर दोन्ही गेल्या.

पत्त्यांची चढती भाजणीही थोडी वेगळी आहे. पारावर ट्रेल, म्हणजे एकाच किमतीचे तीन पत्ते, आणि त्यातही तीन एक्क्यांचा, सगळ्यांच्या वर असतो. येथे प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचे ओळीने तीन पत्ते, ट्रेलच्याही वर धरतात. गणिताच्या दृष्टीने येथील क्रम अधिक न्याय्य आहे, कारण बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० संच होतात आणि त्यांत ट्रेल ५२ तर प्युअर सिक्वेन्स ४८ असतात. जे अधिक दुर्मीळ, ते वर. त्यांच्याखाली साधा सिक्वेन्स (ओळीने तीन, पण रंग वेगवेगळे) ७२०, कलर (एकाच रंगाचे, पण ओळीने नसलेले) १,०९६ आणि जोडी ३,७४४ संचांत येते. उरलेले १६,४४० संच, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश, यांपैकी काहीच नसलेले असतात. एक्का-दुर्री-तिर्री हा पारावरचा मानाचा सिक्वेन्स येथे सर्वांत खालचा धरला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

पुढे जायचे की पत्ते टाकायचे, याला एक पक्का नियम आहे आणि ॲपच्या मदतीच्या पानावर तो नाही, ही मला मोठी उणीव वाटते. राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून वरचा हात असेल तर पुढे जावे, त्याखालचा असेल तर पत्ते टाकावेत. सिक्वेन्सला एकपट, ट्रेलला चौपट आणि प्युअर सिक्वेन्सला पाचपट असा बोनस बुटावर देणाऱ्या टेबलावर हा नियम काटेकोरपणे पाळला, तर शंभर रुपयांच्या बुटामागे सरासरी ३ रुपये ३७ पैसे टेबलाकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे, जातात. या खेळातले सारे कौशल्य एवढ्यातच संपते. पण ते खरे कौशल्य आहे, ते शिकता येते, आणि माझ्या विद्यार्थ्याने ते दोन दिवसांत आत्मसात केले.

आता जॅकपॉटविषयी. बुटाच्या शेजारी आणखी एक लहान वर्तुळ असते आणि त्यात दहा चिप्स, म्हणजे खेळातले नकली पैसे, ठेवल्या की त्या डावापुरते आपण जॅकपॉटचे भागीदार होतो. या वर्तुळाचा डीलरच्या पत्त्यांशी काही संबंध नाही. आपण जिंकलो की हरलो, शहाणपणाने खेळलो की कसेही खेळलो, यांपैकी काहीही तेथे मोजले जात नाही. फक्त आपले तीन पत्ते काय आले एवढेच पाहिले जाते. मी पाहिलेल्या कोष्टकानुसार इस्पिकचे एक्का-राजा-राणी आले तर मीटरवरची संपूर्ण रक्कम मिळते, बदाम, चौकट किंवा किलवरचे आले तर पैजेच्या ५०० पट, इतर प्युअर सिक्वेन्सला ७० पट, ट्रेलला ६० पट आणि साध्या सिक्वेन्सला ६ पट. कलर आणि जोडी आली तर काहीही नाही.

हा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्याला वहीच्या एका पानावर करता येतो. २२,१०० संच प्रत्येकी एकदा आले असे धरा आणि दर वेळी दहा चिप्स ठेवल्या असे धरा. म्हणजे एकूण २,२१,००० चिप्स वर्तुळात गेल्या. इस्पिक सोडून उरलेल्या तीन रंगांच्या एक्का-राजा-राणीचे १५,०००, बाकीच्या ४४ प्युअर सिक्वेन्सचे ३०,८००, ५२ ट्रेलचे ३१,२०० आणि ७२० सिक्वेन्सचे ४३,२०० परत आले, म्हणजे १,२०,२००. उरलेले १,००,८०० भरून काढण्याची जबाबदारी २२,१०० डावांत सरासरी एकदाच येणाऱ्या त्या इस्पिकच्या तिकडीवर पडते. मीटर १,००,८०० च्या खाली असेल तोपर्यंत हे वर्तुळ तोट्याचेच राहते. त्या मुलाने दाखवलेले "लय वर गेलेले" मीटर ६३,००० होते. त्या आकड्याला शंभरामागे सतरा चिप्स टेबलाकडे जातात, म्हणजे मुख्य खेळाच्या पाचपट.

मीटर वर जाते याचा अर्थ जॅकपॉट जवळ आला असा मुळीच होत नाही. प्रत्येक पैजेतला काही भाग मीटरमध्ये जमा होतो, म्हणून ते वाढते. पत्ते मात्र दर डावाला नव्याने पिसले जातात आणि मागे किती दिवस जॅकपॉट लागला नाही याची त्यांना आठवण नसते. मिळणारी रक्कम वाढते, मिळण्याची शक्यता तेवढीच राहते. पाऊस महिनाभर आला नाही म्हणजे आता येईलच, असा कौल आपण आभाळाकडून घेत असतो आणि दुबार पेरणीचे बियाणे घेऊन बसतो. तीच सवय येथे पैशाने मोजावी लागते.

माझ्या पाचशे डावांत वर्तुळाने सतरा वेळा काही दिले : पंधरा सिक्वेन्स, एक सत्तीचा ट्रेल आणि एक प्युअर सिक्वेन्स. टाकल्या ५,००० चिप्स, परत आल्या २,२००. सरासरीने सत्तावीस डावांत एकदा काही तरी मिळते, आणि ते मिळताना पडद्यावर जो झगमगाट आणि आवाज होतो, त्यामुळे मधले सव्वीस रिकामे डाव मनातून पुसले जातात. वही नसती तर मीही तोटा निम्माच सांगितला असता. चिप्सच्या जागी रुपये धरले, तर त्या एका तिकडीची वाट पाहताना सरासरीने २,२१,००० रुपये लावावे लागतील. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या कापसाच्या ८,११० रुपये हमीभावाने ही सव्वासत्तावीस क्विंटल कापसाची किंमत होते. आमच्याकडच्या कोरडवाहू पाच एकरांत एवढा कापूस चांगल्या वर्षीच घरी येतो.

ॲप म्हणून पाहिले तर काम स्वच्छ आहे. पत्ते मोठे आणि ठळक आहेत, चष्म्याविना ओळखू येतात. गावात नेटवर्क एका काडीवर आले तरी डाव अडकत नाही, आणि मध्येच तुटले तर परतल्यावर तोच डाव समोर येतो. मराठी मजकूर मात्र यंत्राने उलथून टाकल्यासारखा आहे; "पत्ते टाका" ऐवजी इंग्रजी "फोल्ड"चे शब्दशः "घडी करा" असे बटणावर वाचून पहिल्या दिवशी मी गोंधळलो.

माझी खरी तक्रार एकच आहे. जॅकपॉटचे वर्तुळ आधीपासूनच चालू असते. ते बंद करण्याची खूण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर आहे आणि ॲप पुन्हा उघडले की वर्तुळ पुन्हा चालू झालेले असते. ज्याला केवळ खेळ शिकायचा आहे त्याच्या चिप्सही न विचारता तेथे जातात आणि प्रत्येक डावात तेथे चिप्स ठेवायच्याच असतात अशी त्याच्या हाताला सवय लागते. मुख्य खेळासाठी मी या ॲपला पाचपैकी चार गुण देईन, जॅकपॉटच्या मांडणीसाठी एकही नाही. हे मी ॲपमधील अभिप्रायाच्या रकान्यात दोनदा लिहून पाठवले. त्यानंतर एक नवी आवृत्ती आली. तिच्यात झगमगाट वाढला आहे, वर्तुळ अजूनही आपोआप चालू होते.