१२२४ : ऑफरोड टायरच्या जोडीत गेलेले २१,२८० रुपये

फोनवरून ऑफरोड टायरची जोडी घेताना फसलो. आधी आकडा सांगतो, कारण तो सांगायची लाज वाटली म्हणूनच दोन महिने गप्प होतो. टोकन ५,००० रुपये. बाकी रक्कम ८,४००. ट्रान्सपोर्टच्या नावाखाली १,२५०. दोन नव्या ट्यूब आणि बसवणावळ २,०००. पडल्यावर गाडीचं काम ३,१८० आणि मनगटाचा एक्स-रे, डॉक्टर धरून १,४५०. एकूण २१,२८० रुपये. दुकानात तीच जोडी बावीस हजारांना नवीकोरी मिळत होती.

स्वस्ताला भुललो म्हणून मला हावरट म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी फोनच ठेवला असता. टोकन आणि बाकी मिळून १३,४०० हा भाव अशक्य नव्हता. सीझन उलटला की दुकानदार उरलेला माल कमी भावात काढतात, मी स्वतः असा दोनदा घेतला आहे.

माझी मोटारसायकल हिमालयन ४११. टायरची साइज पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७, तारांची चाकं, ट्यूबवाले टायर. जून २०२५ मध्ये पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरायचं होतं आणि आधीचे टायर संपले होते. रायडिंगच्या ग्रुपवर एकाने या विक्रेत्याचा नंबर टाकला. नंबर टाकणाऱ्याने स्वतः त्याच्याकडून काहीच घेतलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. कोणी नंबर दिला तर ‘तू स्वतः घेतलास का?’ एवढं विचारा.

टोकन, मग बाकी, मग ट्रान्सपोर्ट, हा फसवणाऱ्यांचा क्रम तुम्हाला पाठ आहे. मलाही होता. पण या माणसाने पैशाचं नाव काढायच्या आधी विचारलं, “दादा, चालवणार कुठे? चिखल की दगड?” आणि मग अर्धा तास जे सांगितलं ते शब्दन् शब्द खरं होतं. कोकणातली लाल माती चिकट. रबराचे ठोकळे जवळजवळ असलेला टायर त्यात दहा मिनिटांत लिंपून जातो आणि गुळगुळीत टायरसारखा घसरतो. ठोकळ्यांमध्ये अंतर मोठं असेल तर चाक फिरताना चिखल झटकला जातो. सह्याद्रीतल्या धोंड्यांवर टायरची बाजू मजबूत हवी, आणि तिथे हवा फार कमी करायची नाही, नाहीतर रिम आणि दगडामध्ये ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. वाळूत उलट, हवा कमी केली तरच टायर पसरतो आणि रुतत नाही. आणि शेवटी म्हणाला, “ओल्या डांबरावर मात्र नॉबीला, म्हणजे या मोठ्या ठोकळ्यांच्या टायरला, सांभाळूनच चालवा.”

जो माणूस आपल्या मालाची उणीव आपणहून सांगतो, त्याच्यावर कोण संशय घेईल?

आता ती गोष्ट, जी रोज रात्री आठवते. मी टायर बनल्याच्या तारखेचा फोटो मागितला होता. मागितला होता! टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे, आधी आठवडा मग वर्ष, हे मी इतरांना शिकवतो. त्याने पाच मिनिटांत फोटो पाठवला: लंबगोलात १२२४. म्हणजे २०२४ चा बारावा आठवडा. मी खूश. त्या फोटोत लंबगोल, त्याखाली पांढऱ्या खडूचा एक तिरका ओरखडा आणि काळं रबर, एवढंच होतं. साइज नाही, ठोकळे नाहीत, टायरचं नाव नाही. जगातल्या कुठल्याही टायरचा फोटो होता तो. साइजपासून तारखेपर्यंत कॅमेरा न थांबवता फिरवलेला एक व्हिडिओ मागायला मला दहा सेकंद लागले असते. तेवढं सोडून मी ५,००० रुपये पाठवले.

टायर आले ते पट्ट्या गुंडाळलेले, काळेभोर, चमकणारे. बसवणारा म्हणाला, “साहेब, याला केस नाहीत.” नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते. मी त्याला म्हटलं, बाहेरचा माल आहे, तिकडे काढत असतील. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. तो बिचारा गप्प बसला. त्याचं ऐकायला हवं होतं.

ताम्हिणीत पावसाची भुरभुर, वेग जेमतेम पस्तीस, आणि पुढचं चाक पायाखालची सतरंजी ओढावी तसं गेलं. तरीही मी दोष स्वतःला दिला. ओल्या डांबरावर नॉबी सांभाळून, त्याने सांगितलंच होतं ना! त्या एका खऱ्या वाक्याने त्याने मला आणखी दोन आठवडे गप्प ठेवलं.

मागच्या टायरचा एक ठोकळा मुळापासून फाटला तेव्हा चाकं उतरवली. डिझेलने पॉलिश पुसलं. झिजलेल्या टायरमध्ये गरम पात्याने खाचा खोल करून ठोकळे उंच दाखवले होते. आयएसआयची खूण कुठेच नव्हती, ती दुचाकीच्या टायरवर बंधनकारक आहे. तारखेच्या जागी ग्राइंडरच्या रेघा. मागच्या टायरवर शेवटचे दोन आकडे पुसट राहिले होते: १७. आठ वर्षांचं दगड झालेलं रबर. तारखेसह पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, म्हणून दुसरी बाजू कोरी दिसली तरी शंका येत नाही. दोन्ही बाजू बघा, आणि बसवण्याआधी बघा. नखाने दाबा. वास घ्या.

मग पोलीस ठाणं. अंमलदाराचा पहिला प्रश्न, “माल मिळाला ना तुम्हाला?” मिळाला. “मग फसवणूक कुठे? दिवाणी बाब आहे.” मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ वाचून गेलो होतो. ते काढल्यावर साहेब म्हणाले, वकील आहात का? मला सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, वस्तू हातात आली म्हणजे हा ऑनलाइन गुन्हा नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत, तर तेव्हा बंदोबस्त. तिसऱ्या फेरीला अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. आवक क्रमांक मागितला तर “विश्वास नाही का आमच्यावर?” तीन अर्ध्या रजा गेल्या. मनगटाला पट्टा बांधून मी बाकावर बसलो होतो आणि समोरचा हवालदार विचारत होता, टायर एवढे महाग असतात का हो? बँकेचं उत्तर एका ओळीचं: व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात. ट्रान्सपोर्टवाल्याने पाठवणाऱ्याचा पत्ताच दिला नाही.

तुम्ही माझ्यासारखे थांबू नका. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा, वस्तू सदोष निघाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ठाण्यात नोंद घेत नसतील तर तक्रार लेखी, पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे, मला कोणी सांगितली नाही. पक्कं जीएसटी बिल हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

ती जोडी गॅलरीत पडून आहे. भंगारातही देणार नाही, तिथून ती पुन्हा काळी होऊन कोणाच्या तरी गाडीला लागेल. आणि गेल्या रविवारी नाशिकच्या एका मित्राने मला एक फोटो पाठवला, एक्सपल्स मोटारसायकलसाठी टायर घेतोय, तारीख ठीक आहे का बघ म्हणून. लंबगोलात १२२४. खाली पांढऱ्या खडूचा तोच तिरका ओरखडा.