टेम्पोच्या टपावरचा सौर संच : घ्यावा, पण इन्व्हर्टर वगळून

पौषातल्या बहिरमच्या यात्रेपासून महाशिवरात्रीच्या मार्कंड्यापर्यंत आम्हा उभयतांचा मुक्काम पुस्तकांच्या टेम्पोतच असतो. यात्रेच्या मैदानावर जनरेटरवाला दिव्यामागे भाडे घेऊन वीज देतो, परंतु रात्री दुकाने मिटली की तीही मिटते. म्हणून अमरावतीच्या एका दुकानातून टपावर बसवायचा तयार सौर संच घेतला. त्यात १०० वॅटची दोन पॅनेल, १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलच्या जादा व्होल्टेजचाही उपयोग करून घेत बॅटरी भरणारे यंत्र) आणि बॅटरीची वीज घरगुती उपकरणांजोगी करणारा १००० वॅटचा इन्व्हर्टर एवढ्या वस्तू येतात.

बॅटरी या संचातील सर्वांत मोलाची वस्तू आहे. तिच्यात सुमारे सव्वा युनिट वीज साठते आणि तिचा बहुतेक सगळा साठा वापरता येतो. तेवढ्याच क्षमतेची शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर खराब होते. दुकानातील कारागीर ती इंजिनाजवळच्या पेटीत बसवणार होता. मात्र ४५ अंशांपुढच्या उष्णतेत चार्ज होत राहिल्यास लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते, आणि चंद्रपूरकडचा उन्हाळा लक्षात घेता तिची जागा आत, पुस्तकांच्या खोक्यांमागे सावलीतच असावी, असा आग्रह मी धरला.

इन्व्हर्टरविषयी मात्र स्पष्ट लिहिणे भाग आहे. संचाच्या जोडणीत तो कायम चालू राहतो, त्याला वेगळे बटन दिलेले नाही. रात्री दिवे, पंखा, मोबाइल सगळे बंद करून कंट्रोलरचा पडदा पाहिला, तर बॅटरीतून १.२ अँपिअर जातच होते. हा आकडा लहान दिसतो, पण तो सुमारे १५ वॅट होतो आणि चोवीस तासांत साडेतीनशे वॅट-अवरच्या पुढे जातो. म्हणजे टपावर आडव्या बसवलेल्या एका पॅनेलची हिवाळ्यातील जवळजवळ दिवसभराची कमाई हा इन्व्हर्टर काहीही न चालवता खातो. त्याच्या वायरीवर एक स्विच बसवून घेतला आणि दिवे, पंखा व मोबाइलचे चार्जर थेट १२ व्होल्टवर घेतले, तेव्हा दुसरे काहीही न बदलता सकाळी बॅटरीत बराच साठा उरू लागला. आता इन्व्हर्टर फक्त बिलाच्या प्रिंटरसाठी आणि लॅपटॉपसाठी चालू होतो, तोही दुपारी, पॅनेल भरात असताना. एरवी ऊन वायाच जाणार असते, त्यामुळे चार्जिंगची सगळी कामे अकरा ते तीनमध्ये उरकण्याची शिस्त या संचाला फार मानवते.

दुसरी उणीव बसवण्याच्या पद्धतीत आहे. दोन्ही पॅनेल टपावर आडवी पक्की करण्याची सोय आहे, तिरपी करण्याची नाही. मेअखेरीस आपल्याकडे दुपारी सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा आडवे पॅनेल अगदी योग्य ठरते. डिसेंबरात मात्र भरदुपारीही तो दक्षिणेकडे जेमतेम ४५ अंशांवर असतो आणि आडव्या पॅनेलला थेट उन्हाचा सत्तर टक्क्यांच्या आसपासच वाटा मिळतो. म्हणून एक पॅनेल सुटे ठेवून घेतले. जाड तांब्याच्या वायरीने जोडून ते दक्षिणेकडे तोंड करून खोक्याला टेकवले की टेम्पो कडुलिंबाच्या सावलीत आणि पॅनेल उन्हात, अशी दोन्ही कामे साधतात. उन्हाळ्यात या सुट्या पॅनेलचे महत्त्व अधिकच वाटते, कारण फांदीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली, तरी उत्पादन त्या कोपऱ्यापुरते न घटता कितीतरी जास्त पडते. वायर मात्र बारीक घेऊ नये. १२ व्होल्टला लांब बारीक वायरीतच बरीच वीज जिरते.

टप आणि पॅनेल यांच्यात चार बोटे मोकळी जागा ठेवली आहे, याबद्दल बनवणाऱ्याचे कौतुक करायला हवे. काच ६५ अंशांपर्यंत तापली की उत्पादन सुमारे १५ टक्के घटते. खालून वारा खेळला तर ही घट थोडी आवरते, शिवाय पॅनेलच्या सावलीने आतली दुपारही सुसह्य होते. एमपीपीटीचा खरा फायदा हिवाळ्यात दिसतो. तापलेल्या पॅनेलचे व्होल्टेज उतरत असल्याने मे महिन्यात साध्या कंट्रोलरपेक्षा तो फारसा वरचढ ठरत नाही. काचेवरची धूळ पहाटे ओल्या फडक्याने पुसावी. भरउन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

पावसाळ्यात गडचिरोलीकडे झड लागली की या संचावर विसंबता येत नाही. त्या दिवसांत गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरून, बॅटरी भरणारा चार्जर लागतो, आणि तो संचात नाही.

दिवे, पंखा, मोबाइल आणि थोडे लॅपटॉपचे काम एवढीच गरज असलेल्यांनी हा संच जरूर घ्यावा. इंडक्शनवर स्वयंपाक करायचा असेल, तर याच्या वाटेला जाऊ नये. खरेदी करताना मोठा इन्व्हर्टर वगळून, स्विच असलेला लहान इन्व्हर्टर आणि वाचलेल्या पैशांत आणखी एक सुटे पॅनेल मागावे. दुकानदार आधी कुरकुर करतो, पण देतो.