साडेसहाशेचं इंजेक्शन

लाज वाटते, तरी लिहितो. तासगावहून आईला आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला नेतो, चौथं वर्ष चालू आहे. किडनी गेली की एरिथ्रोपोएटिन, म्हणजे रक्त वाढवणारं हार्मोन, पुरेसं बनत नाही आणि रक्त उतरतं, म्हणून दर वेळी त्याचंच ४,००० युनिटचं इंजेक्शन. मेडिकलमध्ये मला १,१५० ला पडायचं. वेटिंगमध्ये नेहमी दिसणारा एकजण म्हणाला, ६५० ला देतो, बिल मागू नका. २४ घेतली. १५,६०० रुपये, रोख. हसा आता.

मे महिना, स्टेशनसमोरची चहाची टपरी. २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध, आणि खोका हाताला कोमट! बर्फ वितळला असेल, अशी माझी मीच समजूत घातली. वर तो म्हणतो, "काकूंचं हिमोग्लोबिन १४ वर जातंय बघा." डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं की डायलिसिसवाल्यांचं साडेअकराच्या वर न्यायचं नाही, १३ च्या पुढं तर पक्षाघाताचा, गुठळ्यांचा धोका वाढतो. १४ ऐकूनच उठायला हवं होतं. मी चहाचे पैसे दिले. त्याच्याही.

आणि मी काय हौस म्हणून स्वस्त शोधत होतो? डायलिसिस योजनेत बसलं, हे इंजेक्शन खिशातूनच. टोचणाऱ्यांनाही काही खटकलं नाही.

१९ टोचून झाली. हिमोग्लोबिन १०.२ चं ६.९ झालं. आई रात्री उशांना टेकून बसायची, मला वाटलं पाणी वाढलंय. इकोत हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड निघाली. बीपीचाही वाटा आहे म्हणाले, पण रक्त कमी की हृदयाला जास्त राबावं लागतं. दोन पिशव्या रक्त चढवलं. त्यानं अँटीबॉडी तयार झाल्या, तर माझी किडनी जुळणं अवघड, हे नंतर कळलं.

दर महिन्याला हिमोग्लोबिन तपासा. मी दोन महिने टाळलं, ३०० रुपये वाचवायला.

पोलीस म्हणाले, बिल दाखवा. बिल असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो? औषधखात्याकडं धाडलं. तिथं म्हणे बॅच नंबर खोडलाय, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणे, आधी त्यांचा रिपोर्ट आणा. चार खेपा, तीन अर्ज, दोन दिवसांचा पगार कापला. वर एक साहेब, "शिकलेली माणसं तुम्ही, असं घेता कसं?" आणि तो फिरतोय तो कुणाच्या जिवावर, साहेब?

बर्फाच्या पिशवीशिवाय कुणी हे इंजेक्शन दिलं तर हातात घेऊच नका, मेडिकलवाला असला तरी.

उरलेली ५ पुरावा म्हणून फ्रीजमध्ये दुधामागं ठेवलीत. आई रोज म्हणते, टाकून दे ती. न्यायला अजून कुणी आलेलं नाही.