‘टोनी मॉरिसन : द पीसेस आय ॲम’ : छायाचित्रकाराच्या नजरेचा माहितीपट

टिमथी ग्रीनफिल्ड-सँडर्स यांचा २०१९ सालचा हा सुमारे दोन तासांचा माहितीपट पाहताना, दिग्दर्शकाचा हात व्यक्तिचित्रांवर बसलेला आहे, हे कोणी न सांगताही ध्यानात येते. नोबेल पारितोषिक मिळालेल्या अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन थेट कॅमेऱ्यात पाहून बोलतात. दूरचित्रवाणीवरील मुलाखतकार ओप्रा विन्फ्री, कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस, लेखिका फ्रॅन लेबोविट्झ ही मंडळी मात्र किंचित बाजूला पाहत बोलतात. युक्ती साधीच, पण तिच्यामुळे बाकीचे सगळे मॉरिसन यांच्याविषयी बोलत राहतात आणि मॉरिसन मात्र आपल्याशी बोलतात.

ही नजर दीर्घ उमेदवारीतून आलेली आहे. ग्रीनफिल्ड-सँडर्स अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट शिकायला गेले, तेथे येणाऱ्या पाहुण्यांची छायाचित्रे काढू लागले आणि प्रकाशयोजनेतल्या चुकीबद्दल त्यांनी प्रत्यक्ष चित्रपट दिग्दर्शक हिचकॉक यांच्याकडून कानउघाडणी ऐकली (असा परीक्षक लाभणे हेही भाग्यच). पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मोठ्या आकाराच्या जुन्या कॅमेऱ्याने कलाजगतातील ७०० व्यक्तींची चित्रे टिपली, आणि गायक लू रीड यांच्यावरील १९९८ च्या माहितीपटासाठी त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. मॉरिसन यांचे छायाचित्र त्यांनी पहिल्यांदा १९८१ मध्ये काढले होते. ‘द ब्लॅक लिस्ट’ या २००८ च्या मुलाखतपटाची कल्पनाही या दोघांच्या गप्पांतूनच निघाली.

इतक्या वर्षांच्या परिचयाचे फळ म्हणजे मॉरिसन यांचा मोकळेपणा. लहानपणी बहिणीबरोबर खड्याने रस्त्यावर एक शिवी लिहायला घेतली, तेव्हा आई कशी खवळली आणि शब्दांत केवढी ताकद असते हे त्यातून कसे उमगले, हा प्रसंग त्या इतक्या रंगवून सांगतात की मध्ये एकही चित्र नसते तरी चालले असते. रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक असताना पुरुष सहकाऱ्यांइतके वेतन त्यांनी कसे मागून घेतले, तो भागही असाच खणखणीत आहे. सुरुवातीला चित्रकार मिकॅलीन थॉमस यांनी मॉरिसन यांच्या छायाचित्रांचे कापलेले तुकडे एकावर एक रचत केलेले कोलाज तर पुन्हा पाहावे असे आहे.

मात्र मित्राने काढलेल्या चित्रात सुरकुत्या कमी दिसतात, तसे येथेही झाले आहे. ‘बिलव्हेड’ या कादंबरीला भरपूर वेळ मिळतो, नंतरच्या कादंबऱ्या घाईने उरकल्या जातात, वैवाहिक आयुष्याला ओझरता स्पर्श होतो आणि नोबेलच्या समारंभाचे कौतुक लांबत जाते. सुरुवातीच्या समीक्षकांचा तुच्छतेचा सूर ऐकवला जातो खरा, पण मॉरिसन यांच्याशी वाद घालणारे आजचे एखादे गंभीर मत हवे होते. ज्यांनी मॉरिसन वाचलेल्या नाहीत, त्यांनी आधी ‘द ब्लूएस्ट आय’ ही त्यांची कादंबरी वाचावी आणि मग हा माहितीपट पाहावा. ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना निव्वळ त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी दोन तास सहज देता येतील.