‘बातमी शंभर टक्के लागणार’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी

घरगुती मसाले, लोणची, नवा क्लास, छोटा दवाखाना असा काही उद्योग सुरू केला की महिन्याभरात फोन येतो. “मॅडम, तुमची यशोगाथा पन्नास न्यूज पोर्टलवर लावून देतो, एका मोठ्या पेपरात शंभर टक्के बातमी.” पैसे आगाऊ. आठवड्यात पन्नास लिंक येतातही, आणि म्हणूनच फसवणूक लवकर लक्षात येत नाही.

त्यातली एक लिंक उघडा आणि मजकूर संपतो तिथपर्यंत खाली जा. बारीक राखाडी अक्षरांत बहुतेक वेळा एक ओळ सापडते: हे प्रसिद्धीपत्रक आहे, संपादकीय विभाग याला जबाबदार नाही. वर बातमीदाराचं नाव नसतं. आता मजकुरातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. तेच वाक्य, शुद्धलेखनाची तीच चूक, सगळीकडे. पोर्टलच्या मुखपृष्ठावरून त्या पानाकडे वाटच नसते, मग वाचक पोचणार कुठून? “गूगलवर वर याल” हेही पोकळच. पैसे देऊन लावलेल्या लिंकसाठी गूगलने २०१९ मध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण आणली, आणि अशा लिंकमुळे क्रमवारी वाढावी हे त्यांच्या नियमांत बसत नाही.

छापील पेपरचं कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक विचारा, मग स्वतः ई-पेपर उघडून बघा. कात्रणाचं चित्र दहा मिनिटांत बनवता येतं. पान खरं निघालं तर चौकटीच्या कोपऱ्यात ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं लिहिलंय का ते पाहा. तसं असेल तर तीच जागा पेपरच्या जाहिरात विभागाकडून जीएसटी बिलासह थेट घेता आली असती; मधल्याने ती बातमी म्हणून तुमच्या गळ्यात मारली. आणि खूण न लावता पैशांवर छापलेली बातमी म्हणजे पेड न्यूज, ज्यावर वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये अहवाल दिला होता. बातमीदाराच्या नावाने कुणी स्वतःच्या यूपीआयवर पैसे मागितले, तर पैसे न देता थेट संपादकांना कळवा.

खऱ्या बातमीसाठी एक नीट मेल पुरतो, त्याला पैसे लागत नाहीत. तुमच्या विषयावर गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणी लिहिलंय ते पाहा आणि त्याच बातमीदाराला लिहा. एकच मेल चाळीस जणांना नको. विषयाच्या ओळीत बातमी हवी. ‘आमच्या दर्जेदार मसाल्यांना प्रसिद्धी मिळावी’ ही विनंती झाली. ‘हळद महागली, घरगुती मसालेवाल्यांनी पाकिटाचं वजन घटवलं’ ही बातमी, अर्थात ती खरी असेल तरच. खाली दीडशे-दोनशे शब्द: काय घडलं, आत्ताच का, तुमच्याकडचे आकडे, आणि बोलायला तयार असलेली दोन माणसं, त्यातलं एक तुमच्या उद्योगाबाहेरचं. मजकूर मेलमध्येच, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप होतं तशा मराठीत. जुन्या फॉन्टमधली फाइल उपसंपादकाला आधी बदलून घ्यावी लागते, आणि घाईच्या वेळी ती तशीच राहून जाते. फोटो वर्डमध्ये न चिकटवता वेगळा जोडा, फोटोखालच्या ओळीत नावं डावीकडून. मेल सकाळी पाठवा. संध्याकाळी पानं लागायच्या वेळी फोन करू नका. दोन-तीन दिवसांनी एकदा आठवण करा. उत्तर नाही आलं तर विषय बदलून दुसऱ्या बातमीदाराकडे जा. नकार सर्रास मिळतात, त्यात अपमान काही नाही.

पैसे गेलेच असतील तर पोर्टलवरची पानं उडवली जाण्याआधी स्क्रीनशॉट, फोनवरची आश्वासनं आणि पावती जपून ठेवा. सरळ ऑनलाइन फसवणूक असेल तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा, तिथे उशीर महागात पडतो. सेवेबद्दलची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही, पण २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यांसाठी सूट आहे; तिचे शब्द मात्र वस्तूंपुरते आहेत, त्यामुळे सेवेला ती लागू होईलच असं नाही. तरीही तक्रारीत स्वयंरोजगाराची बाब पहिल्याच परिच्छेदात लिहा.